बिकॉज खंबाटकी

शनिवारी सकाळी साडेदहाला हिचा फोन वाजला. हिच्या बहिणीचा मुलगा चाकणहून वाईला यायला निघाला होता आणि दहापर्यंत पोचणार होता. मेसेज इंग्रजीत होता, तीन शब्दांचा: ‘लेट. बिकॉज खंबाटकी.’

हिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. चौतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला असा मेसेज पाठवायला धाडस लागतं. “बिकॉजच्या पुढे वाक्य लागतं,” ती मला म्हणाली, जणू मेसेज मीच पाठवला होता. “नाहीतर बिकॉज ऑफ तरी लिहावं माणसानं.”

बाराच्या सुमारास भाचेबुवा भिजलेले बूट दारात काढून आत आले. घाटात ट्रक बंद पडला होता, दीड तास गाडी जागची हलली नव्हती. ते सगळं सांगून झाल्यावर हिने पहिला प्रश्न मेसेजचाच काढला.

“मावशी, तो चुकीचा नाहीये. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ सालचा शब्द म्हणून ‘बिकॉज’च निवडला होता, तो ह्याच वापरासाठी. पुढे नुसतं नाम ठेवायचं. बिकॉज ट्रॅफिक, बिकॉज पाऊस.”

“निवडेनात का. माझ्या पेपरात अर्धा मार्क गेला असता.”

“आणि मराठीत तू काय म्हणतेस? खंबाटकीमुळे उशीर. एक नाम, त्याला चिकटलेलं ‘मुळे’, संपलं. तेच इंग्रजीत केलं की पाप?”

ही काही बोलली नाही, पोहे परतायला आत गेली. निरुत्तर झाली की ती स्वयंपाकघरात जाते, हे मला माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं.

तो आला होता कामासाठी. चाकणच्या एका कारखान्यात तो क्वालिटी विभागात आहे. त्यांनी पाठवलेल्या मालातला एक बोल्ट जर्मनीतल्या ग्राहकाला सैल सापडला. आता ‘रूट कॉज’चा रिपोर्ट द्यायचा होता, सोमवारपर्यंत. त्यातलं इंग्रजी मावशीने एकदा नजरेखालून घालावं एवढीच विनंती होती. त्याने छापील प्रत आणली होती. हिने टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं; निवृत्तीनंतरही त्या खणात एक लाल पेन कायम असतं.

पहिलंच वाक्य होतं: ‘द बोल्ट वॉज लूज ड्यू टू द ऑपरेटर डिड नॉट टाइटन इट प्रॉपरली.’

“ड्यू टूच्या पुढे नाम येतं रे. अख्खं वाक्य कसं बसेल तिथे?”

“अर्थ कळतो ना?”

“अर्थ कळतोच. ही चूक कुठून येते तेही कळतं. मराठीत ‘मुळे’ कशालाही लागतं. ‘ऑपरेटरने बोल्ट नीट न आवळल्यामुळे.’ आपण क्रियापदाला ‘ल्या’ लावून त्याचं नाम करून टाकतो आणि मागे ‘मुळे’ जोडतो, कर्ता-कर्म सगळं जागच्या जागी ठेवून. इंग्रजीत एवढं सोपं नाही. तिथे ‘द ऑपरेटर्स फेल्युअर टू टाइटन’ असं काहीतरी जुळवावं लागतं. माझी निम्मी मुलं ‘ड्यू टू इट वॉज रेनिंग’ लिहायची. डोक्यात ‘पाऊस पडत असल्यामुळे’ असायचं.”

भाच्याने तिथल्या तिथे पेनाने दुरुस्ती केली. ‘ड्यू टू ऑपरेटर निग्लिजन्स.’ ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे. व्याकरण बरोबर झालं. मला वाटलं, आता पुढचं वाक्य. पण लाल पेन तिथेच थांबलं होतं.

“आता व्याकरण बरोबर आहे आणि वाक्य आधीपेक्षा वाईट आहे.”

“का?”

“आधीच्या वाक्यात एक माणूस होता आणि त्याने एक गोष्ट केली नव्हती. बोल्ट नीट आवळला नव्हता. आता नुसता निष्काळजीपणा उरला. कुणी काय केलं नाही, कधी, किती वेळा, सगळं गेलं. बिकॉज म्हटलं की इंग्रजी तुझ्याकडे कर्ता मागते आणि क्रियापद मागते. ड्यू टू काही मागत नाही. एक जडसं नाम ठेवलं की सुटलास.”

इथून खरा वाद सुरू झाला आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ दे गं मावशी, एवढं कोण बघतं. तो तसं म्हणाला नाही.

“मावशी, माझ्या धंद्यात नेमका माणूसच नको असतो. ताईची ओनो म्हणून टोयोटाचे एक इंजिनिअर होते. त्यांनी पाच वेळा ‘का’ विचारायची शिस्त घातली. त्यांचंच उदाहरण आहे. यंत्र बंद पडलं. का? भार जास्त झाला, फ्यूज उडाला. भार का जास्त झाला? बेअरिंगला पुरेसं तेल मिळत नव्हतं. का? पंप नीट तेल ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? पंपाला गाळणी नव्हती, धातूचा चुरा आत गेला. आता बघ, पहिल्याच ‘का’ला कुणी म्हटलं असतं, ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’, तर फ्यूज बदलला असता, त्या माणसाला मेमो मिळाला असता आणि महिन्याभराने यंत्र परत बंद. माणसाचं नाव आलं की तपास थांबतो. म्हणून आम्हाला असं इंग्रजी हवं असतं ज्यात माणूस नाही.”

“मग निग्लिजन्स का लिहिलंस? त्यात माणूसच आहे. फक्त त्याचं तोंड झाकलंय.”

तो हसला. “ते बरोबर आहे.”

“आणि तुझ्या त्या ओनोंनी ‘ड्यू टू लॅक ऑफ फिल्ट्रेशन’ असं लिहिलं का? गाळणी नव्हती, चुरा आत गेला. कर्ता आहे, क्रियापद आहे. कर्ता माणूसच असला पाहिजे असं मी कधी म्हटलं? चुरा कर्ता, गाळणी कर्ता.”

मी दिवाणी कोर्टात आयुष्य काढलं, तेव्हा मला ह्यात बोलायचा थोडा हक्क आहे. आमच्याकडे मराठी आदेशात ‘ज्याअर्थी’ने सुरुवात व्हायची, दीड पान ‘ज्याअर्थी’, ‘आणि ज्याअर्थी’, आणि मग कुठे ‘त्याअर्थी’. शेवटी ‘सबब’. अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ कारण. कागदावर तो अजून तोऱ्यात आहे, ‘सबब, दावा फेटाळण्यात येत आहे’. घरी आलो की तोच शब्द पोराला रागावताना वापरतो: सबबी सांगू नकोस. एकाच शब्दाची कोर्टात एक किंमत आणि ओसरीवर दुसरी. मी हे सांगितलं, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे वळले.

“मी तर म्हणतो, एकच शब्द पुरे,” भाचा म्हणाला. “बिकॉज. सिन्स नको, ॲज नको, ओइंग टू नको, ऑन अकाउंट ऑफ तर नकोच. विमान उद्योगात देखभालीच्या पुस्तकांसाठी एक आखून दिलेली इंग्रजी वापरतात, तिचं तत्त्वच हे की एका शब्दाला एकच अर्थ. मानसशास्त्राच्या प्रबंधांसाठी जी एपीएची नियमावली आहे, तीसुद्धा सांगते की सिन्स फक्त काळासाठी ठेवा, कारणासाठी बिकॉज वापरा. रात्रपाळीला पुस्तक उघडून बघणाऱ्या मेकॅनिकला कोडी घालायची नाहीत.”

“विमानाच्या पुस्तकात ठीक आहे. पण तू पत्र लिहितोयस. समोर माणूस आहे.”

“काय फरक पडतो?”

“मला विचार, आज पोहे का केले? इंग्रजीत विचार.”

“व्हाय डिड यू मेक पोहे?”

“सिन्स यू केम. चालेल?”

तो थबकला. “नाही. विचित्र वाटतं.”

“बिकॉज यू केम. हे चालतं. व्हायला उत्तर फक्त बिकॉज देतं. सिन्स आणि ॲज देत नाहीत. ‘ओन्ली बिकॉज’ म्हणता येतं, ‘ओन्ली सिन्स’ म्हणता येत नाही. का? कारण बिकॉज नवीन बातमी आणतं. सिन्स म्हणतं, हे तर तुला माहीतच आहे, आता पुढचं ऐक. ‘सिन्स यू आर हिअर, हेल्प मी विथ द पोहे.’ तू आलायस हे तुला माहीत आहेच, मी ते तुला सांगत नाहीये. उलट ‘हेल्प मी बिकॉज यू आर हिअर’ म्हटलं तर तू आलास म्हणूनच तुझ्यावर काम पडलं, असा टोला बसतो.”

भाच्याने कागदावरचं आठवं वाक्य दाखवलं. ‘सिन्स वुई चेंज्ड द रेंच, वुई हॅव नॉट फाउंड एनी लूज बोल्ट.’ “मग हे घे. रेंच बदलल्यापासून, की रेंच बदलला म्हणून?”

“दोन्ही.”

“दोन्ही चालणार नाही. रेंच बदलल्यानंतर बोल्ट सैल सापडला नाही, हा योगायोगही असू शकतो. ह्या एका शब्दाने मी काळाचं कारण करून टाकलं. ग्राहक नेमका इथे मला पकडेल.”

ही गप्प झाली. ह्या वेळी आत गेली नाही. मला वाटतं, हा मुद्दा तिला मनापासून पटला. सिन्स मुळात ‘त्यानंतर’ अशा अर्थाचा जुना शब्द आहे. आधी घडलं ते नंतरच्याचं कारण, ही माणसाची जुनी खोड त्या शब्दात तशीच राहून गेली आहे. बिकॉज आलं चौदाव्या शतकात, फ्रेंच धाटणीने, ‘बाय कॉज’ असे दोन शब्द जोडून. आपल्याकडे ‘म्हणून’ आलं ‘म्हणणे’तून, म्हणजे बोलण्यातून. कानडीतही कारणाशी असंच बोलण्याच्या क्रियापदाचं रूप जोडलेलं आढळतं. आणि ‘मुळे’ म्हणजे तर सरळ मूळच, झाडाचं मूळ. भाच्याचा इंग्रजी रूट कॉज आमच्याकडे रोजच्या ‘मुळे’त फुकट मिळतो. हे मी मनातच ठेवलं. मघाचा सबबीचा अनुभव ताजा होता.

“बरं, तुझा एकच शब्द धरू,” ही म्हणाली. “हे वाक्य वाच.”

‘द रेंच वॉज आउट ऑफ कॅलिब्रेशन, बिकॉज ऑल द बोल्ट्स फ्रॉम दॅट शिफ्ट वेअर लूज.’

“मग? बरोबरच आहे.”

“बोल्ट सैल होते म्हणून रेंच बिघडला?”

तो पुन्हा वाचायला लागला. कान लाल झाले. “नाही. रेंच बिघडला म्हणून बोल्ट सैल राहिले. मला म्हणायचंय, रेंच बिघडला असणार, कारण बोल्ट सैल होते. बोल्टांवरून मला ते कळलं.”

“मग लिही तसं. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, असं न्यायशास्त्रात शिकवतात. धुराने आग लागली असं कुणी समजत नाही. धूर हा आगीचा पुरावा, आग हे धुराचं कारण. बिकॉज दोन्हीकडे लागतं. तू म्हणालास एका शब्दाला एक अर्थ. बिकॉजला कुठे एक आहे?”

ईव्ह स्वीट्सर ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली ह्याच गोष्टीवर नेमकं बोट ठेवलं होतं. बिकॉज कधी घडलेल्या गोष्टीचं कारण सांगतं, कधी आपल्या अनुमानाचं, कधी आपल्या बोलण्याचंच. ‘संध्याकाळी काय करतोयस, बिकॉज चांगला सिनेमा लागलाय.’ सिनेमा लागला म्हणून तो संध्याकाळी काही करत नाही. सिनेमा लागला म्हणून मी विचारतोय. मराठीत आपण ‘नाही, म्हणजे, चांगला सिनेमा लागलाय म्हणून विचारलं’ असं म्हणतो. ‘विचारलं’ हे क्रियापद आपण उघड घालतो, इंग्रजी ते गिळून टाकते.

भाचा म्हणाला, “हे एक मी कारखान्यात सगळ्यांना दाखवणार आहे. निम्मे रिपोर्ट पुराव्यालाच कारण समजतात. तापमापकाने ताप आणला असं लिहितात.”

“मग तुझा एक शब्द पुरला नाही ना?”

“शब्द पुरला. मी पुरलो नाही.”

जेवायची वेळ झाली. आमटी गरम होईपर्यंत ही ताटं घेत होती आणि भाचा तिच्या मागे मागे फिरत होता. त्याचं घोडं अजून तिथेच होतं. इंग्रजीत इतके शब्द कशाला? ड्यू टू आणि ओइंग टू यांत काय फरक?

“फाउलर नावाच्या गृहस्थांनी १९२६ साली लिहिलेल्या वापरकोशात ड्यू टूने वाक्य सुरू करणाऱ्यांना चांगलं झोडलंय. ‘डिलेज वेअर ड्यू टू रेन’ ठीक, ‘ड्यू टू रेन, द मॅच वॉज डिलेड’ नाही. तिथे ओइंग टू.”

“आणि आज कोण पाळतं?”

“कुणी नाही,” ही लगेच म्हणाली. मी चकित झालो. “मीसुद्धा पाळत नाही आता. वीस वर्षं मी त्यासाठी मार्क कापले. बिकॉजने वाक्य सुरू केलं तरी कापायची. तो तर कुठल्या पुस्तकातला नियमही नव्हता, शिक्षकांनी शिक्षकांना सांगत आलेली गोष्ट होती. मुलं ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ एवढंच लिहून टिंब द्यायची, म्हणून सुरुवातच बंद केली. एका पोरीने निबंधात लिहिलं होतं, ‘बिकॉज द वेल वॉज ड्राय, माय मदर वोक अप ॲट फोर.’ मी बिकॉजखाली रेघ मारली.” तिने वाढायचा डाव परत पातेल्यात ठेवला. “विहीर आधी यायला हवी होती त्या वाक्यात. तिने बरोबर लिहिलं होतं.”

कुणीच काही बोललं नाही. पावसाचा आवाज येत होता.

मग तो म्हणाला, “पण मावशी, नेमकं ह्याच्यामुळे माझे ईमेल परत येतात. मी मराठीत विचार करतो. आधी कारण, मग काम. ‘रेंच यादीत नव्हता, कॅलिब्रेशन झालं नव्हतं, बोल्ट सैल राहिले, तेव्हा चाळीस नग बदलून पाठवतो.’ जर्मन माणूस पहिली ओळ वाचून थांबतो. त्याला ‘चाळीस नग बदलून पाठवतोय’ हे आधी हवं असतं. मी सवय करून घेतली. निकाल आधी, बिकॉज नंतर. आता सवय इतकी अंगात गेलीय की घरीही तसंच बोलतो. परवा आईला म्हटलं, ‘दिवाळीला येत नाहीये, कारण शटडाउन आहे.’ आई दोन दिवस बोलली नाही.”

“बोलेल कशी? आधी नाही म्हणालास. ‘अगं, ह्या वर्षी दिवाळीत कारखान्याचं शटडाउन आहे, मशीनची कामं तेव्हाच निघतात, म्हणून...’ इथपर्यंत आलास की ती स्वतःच म्हणाली असती, ‘मग नको येऊस, पाडव्यानंतर ये.’ आपल्यात कारण आधी सांगतात ते त्यासाठी. समोरच्याला ‘नाही’ स्वतः म्हणायची संधी मिळते.”

“म्हणजे शाळेतल्या रजेच्या अर्जासारखं. ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर.’”

“अगदी तसंच. महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्या प्रत्येक मुलाचा तापाने आलेला तो ॲज. इंग्रज मुलगा कदाचित ‘आय वोन्ट बी ॲट स्कूल टुडे’ने सुरुवात करेल. आम्ही तापाने केली. मी कधी बदलायला लावलं नाही. तो अर्ज माणूस म्हणून बरोबर होता.”

“पण ईमेल म्हणून चूक.”

“ईमेल म्हणून चूक,” तिने कबूल केलं. “पण आईला ईमेल पाठवू नकोस.”

जेवताना त्याने आणखी एक वाक्य सहज वाचून दाखवलं, मोबाइलवर उघडून. ह्या वाक्याचा मला आजही धसका आहे. ‘वुई डिड नॉट स्टॉप द लाइन बिकॉज द कस्टमर कम्प्लेन्ड.’

त्याला म्हणायचं होतं: आम्ही लाइन थांबवली, पण ग्राहकाने तक्रार केली म्हणून नाही, आमच्याच तपासणीत आधी सापडलं म्हणून. ही वाचताच म्हणाली, “तुम्ही लाइन थांबवलीच नाही? तक्रार आली तरी?” त्याच्या हातातला घास तसाच राहिला. तोच अर्थ आधी निघत होता.

“इंग्रजीचा दोष,” तो म्हणाला.

“मराठीत म्हण बघू. ‘तू सांगितलंस म्हणून मी आलो नाही.’ आलास की नाही?”

त्याने दोनदा म्हणून पाहिलं. एकदा ‘म्हणून’वर जोर देऊन, एकदा ‘नाही’वर. “पहिल्यात आलोय. दुसऱ्यात घरीच बसलोय.”

“आणि ‘मी आलो नाही, कारण तू सांगितलंस’?”

“हे एकच. घरी बसलोय.”

“इंग्रजीतही तेच. बिकॉजच्या आधी स्वल्पविराम टाकला की घरी बसलास. नाही टाकला की वाचणाऱ्याच्या मर्जीवर. बोलताना आवाज सांभाळून घेतो. कागदाला आवाज नसतो.” मग तिने स्वतःच त्याच्या मोबाइलवर बदल केला: ‘वुई स्टॉप्ड द लाइन बिफोर द कम्प्लेंट, बिकॉज अवर ओन इन्स्पेक्शन फाउंड द फॉल्ट.’ ‘नॉट’ काढून टाकला. निम्म्या गोंधळाचं मूळ बिकॉज नसतंच, शेजारी बसलेला नकार असतो.

संध्याकाळी चहाच्या वेळी ते परत त्या पहिल्या वाक्याकडे आले. दोघांनी हट्ट सोडला नव्हता. तिला क्रियापद हवं होतं, त्याला माणूस नको होता.

“मराठीत तरी काय मोठं चांगलं आहे?” तो म्हणाला. “आपलं ‘मुळे’ तुझ्या ड्यू टूपेक्षा झाकतं. सरकारी पत्रात ‘तांत्रिक अडचणीमुळे’ लिहिलं की पुढे काही विचारता येत नाही.”

“मराठीत ‘मुळे’ एकटं नाही. आमच्या शेजारी एक गेला. डॉक्टर म्हणाले, दारूने गेला. गल्ली म्हणाली, दारूमुळे गेला. बायको म्हणाली, दारूपायी गेला. तिघांचं खरं होतं. ‘पायी’ म्हटलं की त्यात काय गेलं त्याचा हिशोब येतो, संसार, जमीन, सगळं. आणि माया असो की भीती, ती ‘पोटी’. भीतीपोटी, काळजीपोटी. इंग्रजी म्हणते ‘आउट ऑफ फिअर’, भीतीतून बाहेर. आपण म्हणतो पोटात. तुझ्या जर्मन ग्राहकाला काय पोटी आणि काय पायी.”

“त्याला फक्त रेंच हवा आहे.”

“मग रेंच दे. पूर्ण दे.”

रेंचची गोष्ट अशी होती. टॉर्क रेंच ठरलेला जोर लागला की ‘टक’ आवाज करतो, मग थांबायचं. हा रेंच आधीच टक करत होता, कारण त्याचं कॅलिब्रेशन कधी झालंच नव्हतं. ते झालं नव्हतं, कारण रेंच कॅलिब्रेशनच्या यादीत नव्हता. ऑपरेटरने आवाज ऐकून हात थांबवला होता, अगदी सांगितल्याप्रमाणे. भाच्याने दुपारी लिहिलेलं ‘ऑपरेटर निग्लिजन्स’ मला आठवलं. बहुधा त्यालाही आठवलं असावं, कारण त्याने तो कागद उलटा घातला.

नवं वाक्य व्हायला पाऊण तास गेला. तिने ‘समबडी फरगॉट’ सुचवलं, त्याने उडवलं. त्याने ‘ड्यू टू ॲबसेन्स ऑफ एंट्री’ लिहिलं, तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शेवटी हे ठरलं:

‘द रेंच वॉज नॉट ऑन द कॅलिब्रेशन लिस्ट, बिकॉज द स्टोअर इश्यूड इट बिफोर द टूल रूम हॅड एंटर्ड इट.’

स्टोअर कर्ता, टूल रूम कर्ता, दोन क्रियापदं, माणूस एकही नाही. पण वर, अगदी पहिल्या ओळीत त्याने ‘द लूज बोल्ट वॉज ड्यू टू ॲन अनकॅलिब्रेटेड रेंच’ ठेवलं होतं. मी पाहत होतो, लाल पेन त्यावरून एकदा फिरलं आणि तसंच पुढे गेलं.

बुधवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. ग्राहकाचं उत्तर त्याने जसंच्या तसं पाठवलं होतं, एक ओळ: ‘व्हाय डिड द स्टोअर इश्यू इट?’

“प्रश्न बरोबर विचारलाय,” ही चष्मा लावून म्हणाली. “डिड कर्त्याच्या आधी आलंय.”

खाली भाच्याची स्वतःची ओळ होती. ‘सहावं व्हाय. आता स्टोअरवाल्यांकडे जातोय. बिकॉज मावशी.’

“बिकॉज ऑफ,” ती म्हणाली. पण लाल पेन तेव्हा माझ्या हातात होतं. मी त्याने शब्दकोडं सोडवत होतो.